आक्काच्या लुगड्याची तीन उन्हं

माझ्या दुकानात मापांच्या नऊ वह्या आहेत. कुठल्या घरचं माप कितव्या वहीत आहे हे मला वही न उघडता सांगता येतं. चौथी वही मात्र मी गिऱ्हाइकासमोर काढत नाही. तिच्या शेवटच्या दोन पानांवर मापं नाहीत. डाव्या पानावर एका बाईच्या सवयी लिहिल्या आहेत आणि उजव्या पानावर चार कुंच्यांची नोंद आहे. या दोन पानांचा एकमेकांशी काय संबंध आहे हे मी अठरा वर्षं कोणाला सांगितलं नाही. ती बाई आता नाही. मागचे महाराजही नाहीत, त्यांच्याच कारकिर्दीतली ही हकीगत आहे. क्रमानं लिहितो.

कोल्हापुरात मंगळवार पेठेत आमचं घर. पुढची ओसरी म्हणजे दुकान. समोर, सात पावलांवर, आक्काचं दोन खणांचं घर. आक्का माझी कोणी नव्हे. अख्खी गल्ली तिला आक्काच म्हणे. जन्मसाल तिला ठाऊक नव्हतं. गडकऱ्यांनी बंड केलं आणि पन्हाळ्यावर तोफा चालल्या, तेव्हा आपलं चौथं पोर मांडीवर होतं असं ती सांगे. म्हणजे मी सव्वीस वर्षांचा असताना ती ऐंशीच्या पुढं गेलेली होती. नवरा, चारही मुलगे आणि तीन सुना तिच्या डोळ्यांदेखत गेल्या होत्या. एक नातू मलकापूरला होता. तो वर्षातून एकदा तांदळाचं पोतं घेऊन येई, एक रात्र राही आणि परत जाई.

तिच्या सवयी मी लिहून काढल्या त्याला कारण होतं. आमची पहिली दोन मुलं सहा महिन्यांच्या आत गेली होती. तिसऱ्या खेपेला दिवस राहिले तेव्हा बायको म्हणाली, "समोरची बाई एवढी जगती कशी, ते तरी बघा. दिवसभर बसून असताय की तिच्या तोंडासमोर." मग मी महिनाभर बघितलं आणि दिसेल ते लिहिलं.

कोंबडा आरवायच्या आधी उठते. पंचगंगेपर्यंत चालत जाते, येताना हातात ओझं असतंच. प्यायचं पाणी बारा महिने उकळून गार करते. सकाळी आंबील, दुपारी दीड भाकरी, ताक, हाताला येईल ती पालेभाजी. दिवेलागणीनंतर काही खात नाही. दिवसा पाठ टेकत नाही. पावसाळा सोडला तर उघड्या पडवीत झोपते. कणगीतलं धान्य दर अमावास्येला अंगणात ओतून उन्हात घालते. दिवा लागल्यावर भांडत नाही, राहिलेलं भांडण सकाळी उठून पुरं करते. मिश्री लावते. ही शेवटची सवय चांगल्यात घालायची की वाईटात हे ठरेना, म्हणून मी ती वेगळ्या ओळीत लिहिली.

तेरावी ओळ कपड्यांची होती. आक्काकडं तीन इरकली लुगडी होती. अंगावरचं उतरलं की ती ते राखेच्या पाण्यात उकळी, नदीवर आपटी आणि अंगणात तीन दिवस तीन उन्हं देई, रोज बाजू पालटून. तिसरं ऊन उतरल्याखेरीज ते अंगाला लावत नसे. पावसात तीन उन्हं मिळाली नाहीत तर चुलीवरच्या दांडीवर वाळवी आणि दिवसभर चरफडत बसे. मी कारण विचारलं तर म्हणाली, "माझी सासू करायची. कारण तिला इचार जाऊन."

आता कुंचीचं सांगतो. कुंची म्हणजे बाळाच्या डोक्यावरून पाठीपर्यंत उतरणारं टोपडं. फार जगलेल्या बाईच्या वापरलेल्या लुगड्याची कुंची बाळाला बारशाला घातली तर तिचं आयुष्य बाळाला लाभतं, अशी आमच्याकडं समजूत आहे. एरवी विधवा समोर आली तर वाट बदलणाऱ्या बायका आक्काच्या जुन्या लुगड्यासाठी तिच्या दारात बसत. आक्का वर्षाला एक लुगडं देई, मी त्याच्या कुंच्या शिवत असे. पण ती ते धुऊन, उकळून, तीन उन्हं दाखवूनच देई. बायकांना ते पटत नसे.

"आक्का, अंगावरचं उतरून तसंच द्या की. धुतल्यावर त्यात काय ऱ्हातंय?"

"घाम ऱ्हात न्हाय," आक्का म्हणे. "तुला माझा घाम पायजे काय पोराच्या टाळूला? अगं बये, माझ्या चिंध्यांत आयुष्य असतं तर माझी चार पोरं मेली असती व्हय?"

बायका हसत आणि कापड घेऊन जात. आमच्या पहिल्या दोन्ही मुलांना अशाच धुतलेल्या लुगड्याच्या कुंच्या घातल्या होत्या. ती दोन्ही गेली. बायकोनं यातून काय अर्थ काढला असेल ते सांगायला नको.

त्या वर्षी दिवाळीनंतर गावात प्लेग आला. आधी खालच्या गल्लीत उंदीर पडले. चार दिवसांनी सकाळीच आक्का बोचकं घेऊन माझ्या ओसरीपुढं उभी राहिली.

"शिंप्या, कणगीमागं उंदीर पडलाय. मी चालले."

"आजच?"

"आज न्हाय, आत्ता. टेंबलाईच्या माळावर छपरं घालाय लागल्यात. तू बी बायकूला घिऊन चल."

"दिवस भरलेत तिचे. कुठं नेऊ?"

"माळावर बाया बाळंत हुत न्हाईत व्हय?" तिनं किल्ली माझ्यापुढं टाकली. "दरबारची माणसं धुरी द्यायला आली तर कवाड उघडून दे. एरवी उघडू नगंस. आतलं काय बी उचलू नगंस, दाणं बी न्हाई न् चिंधी बी न्हाई. वलणीवरचं लुगडं धुवायचं ऱ्हायलंय, ऱ्हाऊ दे तसंच."

एवढं सांगून ती गेली. मागं वळून घराकडं बघितलंसुद्धा नाही. सामान बांधायला लोक दोन-दोन दिवस लावत होते. आक्का हातातल्या बोचक्यानिशी अर्ध्या घटकेत गावाबाहेर पडली होती. ही सवय माझ्या यादीत नव्हती, ती मी त्या दिवशी चौदावी म्हणून लिहिली. लिहिली, पण तसं वागलो नाही. माझं गणित वेगळं होतं: बाळंतपण घरात होऊ दे, दहा दिवस जाऊ देत, बाराव्या दिवशी बारसं आणि तेराव्याला माळावर. न्यायच्या सामानाची यादी मी करून ठेवली होती. कामाला एकदा क्रम लावला की तो मोडायचा नाही ही माझी खोड आहे.

मुलगी झाली. अंगानं चांगली होती, रडणं खणखणीत. बारशाच्या आदल्या दिवशी बायकोनं मला आत बोलावलं.

"कुंची?"

"आक्काचं धुतलेलं काही शिल्लक नाही. साध्या खणाची शिवतो."

"धुतलेलं नगंच मला. दोघांना घातलं, दोघं गेली. अंगावरचं आणा."

"आक्का माळावर आहे."

"वलणीवर हाय म्हणाली न्हवं? मी ऐकलंय आतनं. किल्ली तुमच्याकडं हाय."

"तिनं कवाड उघडू नको म्हणून सांगितलंय."

"मग ही बी जाऊ दे," ती म्हणाली आणि भिंतीकडं तोंड करून झोपली.

मी दुपारी कुलूप काढलं. घरात कुजका वास होता. मी दाण्यांना, कणगीला, जमिनीवरच्या कशालाही हात लावला नाही. लुगडं उंच टांगलेल्या वलणीच्या दांडीवर होतं, जमिनीला टेकलेलं नव्हतं, म्हणून ते स्वच्छ असं मी धरून चाललो. पिसवा उंदरावरून उठतात आणि कापडात बसतात, हे तेव्हा मला माहीत नव्हतं. लुगडं ओढताना कणगीमागून माश्या उठल्या. मी कवाड लावून घेतलं.

काळ्या अंगाचं, लाल काठाचं लुगडं होतं ते. मिश्रीचा आणि धुराचा वास येत होता. मी झटकलं, घडी घातली आणि कातर लावली. न धुतलेलं लुगडं मिळालंय हे बायकोनं पोटात ठेवलं नाही. संध्याकाळपर्यंत आणखी तिघी आल्या, त्यांच्याही घरात तान्ही होती आणि माळावर निघायची घाई होती. तांबटाची सून, पलीकडच्या वाड्यातली थोरली सून आणि कोपऱ्यावरच्या बांगडीवाल्या मणेराची बायको. तिघींनी एकच विचारलं, "धुतलेलं न्हाय न्हवं?" मी म्हटलं, नाही. ते आक्कानंच दिलं असं त्या धरून चालल्या. चार कुंच्या एकाच बसणीत शिवल्या, दोरा पुरवून पुरवून. काठ बाळाच्या कपाळावर येईल असे बसवले. काम चोख झालं होतं. चौथ्या वहीत नोंद केली.

आमच्या मुलीला माळावर गेल्यावर तिसऱ्या दिवशी ताप आला. मानेशी गाठ आली. पाचव्या दिवशी ती गेली. बायकोही तापानं पडली, पण उठली. तांबटाची सून आणि तिचं बाळ दोघंही गेली. वाड्यातलं बाळ गेलं. मणेराची मुलगी तेवढी राहिली. पुढं कधीतरी कळलं की मणेराच्या म्हाताऱ्या आईनं कुंची घरात आल्याबरोबर कढत्या पाण्यात टाकली होती, कारण तिला मिश्रीचा वास खपला नाही. ती मुलगी आज स्वतः दोन लेकरांची आई आहे आणि सणासुदीला माझ्याकडंच कपडे शिवते. तिचं माप मी अजूनही दोनदा घेतो.

प्लेग त्या वेळी सगळीकडंच होता. कुंची न घातलेलीही कितीतरी मुलं गेली. उंदीर आमच्या घरातही असतील. हे सगळं मी स्वतःला पुष्कळदा सांगून बघितलं आहे. पण डावं पान आणि उजवं पान समोरासमोर ठेवलं की सांगणं टिकत नाही.

आक्काचं छप्पर माळाच्या दुसऱ्या टोकाला होतं. मुलगी गेल्याच्या तिसऱ्या दिवशी ती चालत आमच्याकडं आली. बायको बाहेर बसली होती. आक्काला बघून ती उठली आणि ओरडलीच.

"आलीस? पोट भरलं का न्हाय अजून? सगळी स्वतःची खाल्लीस, आता आमची बी खाल्लीस! तुला मरण न्हाय आन् आमच्या लेकराला महिन्याचं बी आयुष्य न्हाय!"

आजूबाजूच्या छपरांतून माणसं बाहेर आली. तांबटाच्या घरचेही होते. कोणीतरी मागून म्हणालं, "खरं हाय की. जिनं जिनं हिचं कापड घेतलं तिच्याच घरात गेलं." दुसरी म्हणाली, "देतीया कापड आन् वढून घेती आयुष्य."

आमच्या छपराच्या दोरीवर कुंची अडकवलेली होती, बायकोला ती टाकवत नव्हती. आक्कानं ती बघितली. लाल काठ बघितला. मग माझ्याकडं बघितलं. तिनं नुसतं विचारायची खोटी होती की हे वलणीवरचं लुगडं बाहेर आलं कसं. त्यावर माझी वाचा बसली असती आणि सगळ्यांना सगळं कळलं असतं. तिनं विचारलं नाही. मीही सांगितलं नाही. मान खाली घालून उभा राहिलो. ती आली तशी परत गेली.

दोन दिवसांनी पाण्याच्या वाटेवर ती मला एकटी भेटली.

"न धुतलेलं कापलंस न्हवं?"

"व्हय."

"चारी?"

"चारी."

तिनं घागर कमरेवर सावरून घेतली. मग म्हणाली, "तू सांगशील त्या दिशी सांग. मी काय लगीच मरत न्हाय."

तिचं म्हणणं खरं ठरलं. ती आणखी अठरा वर्षं जगली.

त्या अठरा वर्षांत गल्लीनं तिच्याशी जे केलं त्यात मारझोड नव्हती. ती रस्त्यानं निघाली की बायका मुलं घरात घेत. पुढं नळ आले, तिथं तिला सगळ्यांच्या आधी पाणी भरू देत, ते मान म्हणून नव्हे, लवकर जावी म्हणून. बारशाला, लग्नाला बोलावणं बंद झालं. तिच्या अंगणातल्या शेवग्याच्या शेंगा कोणी मागेनासं झालं, त्या झाडावरच वाळून जात. आणि तिचं वय जसजसं वाढत गेलं तसतसा बायकांचा संशय पक्का होत गेला. तिची तब्येत हाच तिच्यावरचा पुरावा झाला. कोणाचं तान्हं गेलं की समोरच्या पडवीकडं नजरा जात, आणि पडवीत आक्का ताठ बसून ताक पीत असे. माझी बायकोच यात पुढं असे. मी तिला थांबवलं नाही. थांबवायचं तर चारचौघांत कारण द्यावं लागलं असतं.

आक्काच्या सवयी मोडल्या नाहीत. नदी, आंबील, दीड भाकरी, तीन उन्हं. एकदा म्हणाली, "जगायचा वीट आलाय शिंप्या. पर सवय सुटत न्हाय."

वर्षातून एकदा, दिवाळीच्या आधी, ती चोळी शिवायला माझ्याकडं येई. दुसऱ्या शिंप्याकडं जाता आलं असतं, पण येई माझ्याकडंच. मी माप घेई. दंड, छाती, पाठ. दरवर्षी बोटभर कापड कमी लागे. माप लिहून झालं की ती विचारी, "सांगितलंस?"

"न्हाय."

"बरं. पुढल्या वर्सी."

तिच्या आवाजात राग नसे. उधार ठेवलेल्या पिठाची आठवण करावी तसं ती विचारी. मला ते रागापेक्षा जड जाई. सतरा मापं माझ्याकडं लिहिलेली आहेत. पहिल्या आणि शेवटच्या मापात एका मुलीच्या अंगाचा फरक आहे.

अठराव्या वर्षी दिवाळी आली आणि ती आली नाही. एका सकाळी उजाडून घटकाभर झालं तरी पडवीत ती झोपलेलीच होती. मी गेलो. हात गार लागले, पण डोळे उघडे होते.

"नदीला गेला न्हाईत?" मी विचारलं.

"पाय उठत न्हाईत." मग म्हणाली, "सांगितलंस?"

मी त्याच पावली नळावर गेलो. सहा-सात बायका होत्या, माझी बायकोही होती. तांबटाच्या घरातली थोरली जाऊ होती, जिच्या हाताखाली ती गेलेली सून नांदली होती. मी उभ्यानंच सांगितलं. कवाड मी उघडलं. आक्कानं नको म्हणून बजावलं होतं. लुगडं न धुतलेलं होतं. आक्काला यातलं काही ठाऊक नव्हतं. एवढंच सांगायचं होतं. अठरा वर्षं मी ज्याला घाबरलो ते सांगून व्हायला एक घागर भरायचासुद्धा वेळ लागला नाही.

नळ वाहत होता. मग तांबटाकडची जाऊ म्हणाली, "आता सांगून काय उपेग मेल्या?" आणि घागर अर्धी टाकून निघून गेली. बाकीच्या माझ्या बायकोकडं बघत होत्या. ती हळूच म्हणाली, "मला ठाऊक हुतं की. मीच आणा म्हणाले हुते." एवढं म्हणून तिनं घागर उचलली. तिलाही हे पहिल्या दिवसापासून माहीत होतं, हे मी इतक्या वर्षांत एकदाही मनात आणलं नव्हतं. आम्ही दोघंही एकाच म्हातारीच्या आडोशाला उभे होतो.

मी परत येऊन आक्काला सांगितलं की सांगितलं.

"काय म्हणाल्या?"

"काही नाही."

"येतंय काय कोण?"

मी दाराकडं बघितलं. "न्हाय."

"बरं," ती म्हणाली.

खरोखरच कोणी आलं नाही. जी गोष्ट अठरा वर्षं खरी मानली ती एका सकाळी खोटी मानणं लोकांना जमत नाही, याचं मला नवल वाटलं नाही. दुपारी मात्र माझी बायको आंबील घेऊन गेली. तिनं आक्काला पुसून घेतलं, अंगावरचं लुगडं बदललं आणि उतरलेलं आमच्या घरी आणलं. राखेच्या पाण्यात उकळलं, आपटलं आणि आमच्या अंगणात दोरीवर घातलं. दोघींत काय बोलणं झालं ते मी विचारलं नाही.

पहिलं ऊन झालं. दुसऱ्या दिवशी बायकोनं बाजू पालटली. त्याच दुपारी आक्का गेली. मलकापूरला निरोप धाडला, नातू आला, त्यानं नवं कापड आणलं होतं. खांद्याला तो, मी, मणेर आणि मणेराचा जावई, असे चौघं होतो. मागं चालायला फारसं कोणी नव्हतं.

तिसऱ्या दिवशी आम्ही परतलो तेव्हा लुगडं दोरीवरच होतं. ऊन उतरल्यावर बायकोनं ते काढलं, घडी घातली आणि दुकानात माझ्यापुढं ठेवलं.

"ह्याचं काय करायचं?"

शंभरी पार केलेल्या बाईचं लुगडं, उकळलेलं, तीन उन्हं दाखवलेलं. एके काळी असल्या लुगड्यासाठी बायका एकमेकींना ढकलत. मी दिवेलागणीपर्यंत ओसरीवर बसून राहिलो. गल्लीतून बायका गेल्या, आल्या. कोणी विचारलं नाही. आमच्या घरात तर मुलीनंतर पाळणा बांधलाच गेला नाही.

तेव्हापासून मी तान्ह्या मुलाचं कापड आधी उकळून, तीन उन्हं देऊन मगच कातर लावतो. गिऱ्हाइकं कुरकुरतात, काही दुसरीकडं जातात. कारण विचारलं तर मी आता सांगतो, सगळं सांगतो. ऐकून काहीजणी कापड परत घेऊन जातात.

लुगडं पुढ्यात आलं त्या संध्याकाळी चौथी वही काढून कुंच्यांच्या चार ओळींखाली मी पाचवी ओळ लिहिली. इरकली लुगडं एक. धुतलेलं, तीन उन्हं. मागणारं कोणी नाही.